वरच्या थरातली अट

ही गोष्ट लिहायला मी फार वर्षं लावली. मधल्या काळात माझ्या हातून बरंच किरकोळ लिहून झालं. सोसायटीच्या गच्चीच्या गळतीवर एक लेख, ओझरला कारखान्यात जायच्या बसवर एक, मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर दोन. लोकांनी वाचले, बरे आहेत म्हणाले. दर वेळी लिहायला बसलो की आधी हीच गोष्ट समोर यायची आणि मी दुसरंच काहीतरी लिहायचो. मोतीबिंदूवर तर मी दोन्ही डोळ्यांचे स्वतंत्र लेख लिहिले.

ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या आता हयात नाहीत. तेव्हा हे धाडस आहे असं कुणी समजू नये.

मी नोकरीभर तपासणीचं काम केलं. दुसऱ्यांनी केलेलं काम मोजून बघायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा. निवृत्त झाल्यावर इंदिरानगरच्या घरात तपासण्यासारखं फारसं काही नव्हतं. बायकोने थोडे दिवस मला मसाल्याच्या डब्यांवरच्या तारखा बघू दिल्या. मग म्हणाली, "आता कुठेतरी क्लास लावा." मी कॉम्प्युटरचा लावला. तो मला आवडला. मुलं नोकरी लागावी म्हणून शिकत होती आणि मी वेळ जावा म्हणून, त्यामुळे माझी प्रगती त्यांच्यापेक्षा बरी होती.

बायको जवळच्याच एका शाळेत मराठी शिकवायची. तिची मैत्रीण असलेल्या गणिताच्या एक बाई त्याच शाळेत होत्या. शाळेत सगळ्याच शिक्षिकांना बाई म्हणतात, पण इथे मी बाई म्हणेन ते यांनाच. शाळेचं वेळापत्रक बाई करायच्या, आणि ते काम मागायची दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती. स्टाफरूमच्या भिंतीला टेकवलेला एक मोठा पुठ्ठा होता. प्रत्येक शिक्षकाचा एक रंग, प्रत्येक तासाची एक चिठ्ठी, टाचणीने टोचलेली. काही वेगळं करून बघायचं असलं तर बाई पुठ्ठ्यावर बटर पेपर अंथरायच्या आणि त्यावर पेन्सिलीने लिहायच्या. जमलं तर खालच्या चिठ्ठ्या हलवायच्या. नाही जमलं तर बटर पेपर चुरगाळून टाकायच्या. खालचं जसंच्या तसं.

पुठ्ठा लागायचा तो इतरांना. बाईंना सगळं वेळापत्रक पाठ असायचं. स्टाफरूममध्ये त्यांची परीक्षा घ्यायचा खेळच होता. कुणीतरी मध्येच विचारायचं, "बाई, गुरुवार, सहावा तास, आठवी ब?" बाई वह्या तपासता तपासता, मान वर न करता सांगायच्या, "भूगोल. आणि तुम्ही आत्ता नववी अ वर असायला हवे होतात."

विचारणारा उठून जायचा.

बायको निवृत्त झाली तेव्हा बाईंना म्हणाली, "आमच्या यांना काहीतरी काम दे. घरात फार तपासतात."

"पाठव," बाई म्हणाल्या. "पुठ्ठा उचलायला माणूस हवाच आहे."

असा मी त्या शाळेत गेलो. पुठ्ठा उचलला, बघितला, आणि म्हणालो की हे काम कॉम्प्युटरवर होईल.

मला तेव्हा इंटरनेटवर एक फुकट प्रोग्राम सापडला होता. तर्काचे प्रश्न सोडवणारा. परदेशातल्या विद्यापीठांतल्या लोकांनी केलेला. उत्तर कसं काढायचं हे त्याला सांगावं लागत नाही, फक्त अटी सांगायच्या. एका शिक्षकाला एका वेळी दोन वर्गांवर पाठवू नका. प्रयोगशाळा एकच आहे. संगीताच्या सरांना पहिला तास देऊ नका, ते येत नाहीत. अटी सांगून झाल्या की विचारायचं, हे सगळं एकाच वेळी जमेल का? तो तीनपैकी एक उत्तर देतो. जमेल, जमणार नाही, किंवा माहीत नाही. जमत असेल तर कसं तेही मांडून दाखवतो. जमणार नाही म्हणाला, तर सांगितलेल्या अटींत ते खरोखरच जमणारं नसतं. तिथे हुज्जत चालत नाही.

त्याच्याशी बोलायला त्यात कमांड नावाचा एक साचा दिलेला आहे. त्या साच्यातून आपण आज्ञा तयार करायच्या. अट घालायची आज्ञा, तपासायची आज्ञा, आत्तापर्यंतच्या सगळ्या अटी दाखवायची आज्ञा, सगळं पुसून टाकायची आज्ञा. आज्ञा तयार करणं वेगळं आणि ती पार पाडायला लावणं वेगळं. पार पाडून झाली की तिलाच विचारता येतं, काय झालं? ती सांगते, यशस्वी. किंवा सांगते, अयशस्वी, आणि का ते. किंवा सांगते, हे मला येत नाही. मला हा साचा फार पसंत पडला. आयुष्यात मी बऱ्याच जणांना कामं सांगितली, पण इतकी सरळ उत्तरं क्वचित मिळाली.

यातल्या दोन आज्ञा जोडीच्या आहेत. एक म्हणते, वर नवा थर चढवा. दुसरी म्हणते, वरचा थर काढा. थर चढवल्यावर जी अट घालाल ती त्या थरात बसते. थर काढला की त्यातल्या सगळ्या अटी जातात, खालच्या राहतात. काही नुसतं करून बघायचं असेल तेव्हा ही जोडी उपयोगी पडते. मी हे बाईंना समजावायला लागलो तर त्या पहिल्याच वाक्याला म्हणाल्या, "म्हणजे माझा बटर पेपर."

"हो, तोच."

"मग एवढं लांबण का लावताय?"

बाईंनी माझं काम मनापासून करून दिलं. पुठ्ठ्यावरचं त्यांनी सांगायचं, मी अटी बनवायच्या. त्यांना माझा राग आला असता तर समजण्यासारखं होतं, कारण मी त्यांचा मानच काढून घेत होतो. पण त्यांना उत्सुकता होती. गणिताच्या माणसाला कुणी आपलं गणित वेगळ्या रीतीने सोडवत असेल तर शेवटपर्यंत बघावंसं वाटतं.

वेळापत्रक जवळजवळ होत आलं होतं तेव्हा मुख्याध्यापकांनी एक इच्छा काढली. मधल्या सुट्टीनंतर उन्हात मुलं मैदानावर नकोत, खेळाचे सगळे तास आधी घ्या. मी स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून थर चढवला, त्या थरात त्यांची इच्छा घातली, आणि तपासायची आज्ञा दिली. प्रोग्राम विचारात पडला. तेवढ्यात बाई वर्गावरून तशाच आल्या. हाताला खडू होता.

"आणखी एक घ्या," त्या म्हणाल्या. "हिंदीच्या सरांना फक्त तळमजल्याचे वर्ग. गुडघा बदललाय त्यांचा. नंतर राहून जाईल म्हणून आत्ताच सांगते."

मी ते चालू असलेलं थांबवलं आणि त्यांच्यासमोर अट घातली. प्रोग्राम म्हणाला, यशस्वी. मग पुन्हा तपासलं. मुख्याध्यापकांची इच्छा जमणार नाही असं उत्तर आलं. बाई हसल्या. "हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं असतं." मग चहा आला. चहा पिता पिता मी वरचा थर काढायची आज्ञा दिली. प्रोग्राम म्हणाला, यशस्वी.

हिंदीच्या सरांची अट मुख्याध्यापकांच्या इच्छेबरोबर गेली. दोन्ही आज्ञांनी सांगितल्याप्रमाणे काम केलं होतं. चुकलं कोण हे वेगळं सांगायला नको, पण हे मी त्या दिवशी बघितलंच नाही.

शेवटचं वेळापत्रक छापून झाल्यावर बाईंनी ते एकदा मागितलं. "बघून देते."

"गरज नाही," मी म्हणालो. "हे तपासलेलंच बाहेर येतं."

मी जन्मभर तपासनीस होतो. दुसऱ्या माणसाने माझ्याशी असं बोललेलं मी कधी चालवून घेतलं नसतं. वर मी प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ छापली होती, 'सर्व अटी पूर्ण'. ती ओळ प्रोग्रामची नव्हती. माझी होती. शिक्का मारायची सवय गेली नव्हती.

ज्याला त्याला आपापलंच पान मिळालं होतं, सगळं मिळून भिंतीवर अजून लागायचं होतं. हिंदीच्या सरांच्या पानावर आठवी ब आली होती, आणि आठवी ब तिसऱ्या मजल्यावर भरायची. ते बोलले असते तर तिथेच मिटलं असतं. पण मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बजावलं होतं की कॉम्प्युटरने सगळ्यांच्या अटी बघूनच हे केलंय, उगाच तक्रारी आणू नयेत. सरांनी तळाची ओळ वाचली आणि आपल्यापुरता दुसरा मार्ग निघाला नसेल असं समजून जिना चढले. काही दिवस नीट चढले. मग एकदा उतरताना पडले आणि मनगट मोडलं.

सर निफाडकडचे. वर्गात शुद्ध हिंदी आणि स्टाफरूममध्ये गावचं बोलायचे. हात गळ्यात अडकवून शाळेत आले तेव्हा बाईंना म्हणाले, "लय नका मनावर घेऊ, बाई. गुडघा नवा व्हता, त्याला काय बी नाय झालं. हात काय, जुनाच व्हता."

कुणी हसलं नाही, कारण तोवर मुख्याध्यापकांच्या खोलीतली बैठक होऊन गेली होती.

त्या बैठकीत आम्ही तिघंच होतो. मुख्याध्यापक, बाई आणि मी. मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्या अटी दाखवायची आज्ञा दिली. अटी एकाखाली एक आल्या. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून त्या वाचल्या.

"बाई, हिंदीच्या सरांचं यात काही दिसत नाही."

"मी सांगितलं होतं."

"कधी?"

"हे खेळाच्या तासाचं बघत होते तेव्हा. मी वर्गावरून आले, हाताला खडू होता. यांनी माझ्यासमोर टाईप केलं."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "साहेब?"

"मशीनमध्ये एकदा घातलेलं मशीन विसरत नाही," मी म्हणालो.

हे म्हणताना मी खोटं बोलत नव्हतो. ती दुपार मला खरोखरच आठवत नव्हती. माझ्यासाठी ती कितीतरी अटींमधली एक अट होती. एवढी सवलत मी स्वतःला देतो, पुढच्यासाठी देण्यासारखी काही सापडली नाही. पण तेव्हाही मला 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. मी मशीनच्या स्मरणशक्तीबद्दल बोललो. ती वादात नव्हतीच.

बाईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि पहिल्या अटीपासून शेवटच्या अटीपर्यंत वाचत गेल्या. मग एकदा उलट वाचत आल्या. समोर मांडलेल्याच्या पलीकडे जायची त्यांची पद्धत नव्हती.

"मग माझंच राहिलं असेल," त्या म्हणाल्या. आणि मग आमच्यापैकी कुणाकडे न बघता, "मला मात्र दिसतंय. तुम्ही टाईप करताना. आईलाही असंच दिसायचं."

त्यांच्या आई शेवटची काही वर्षं घरातल्या कुणाला ओळखत नव्हत्या. हे मला बायकोकडून माहीत होतं. त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती. न घडलेली गोष्ट घडली असं शपथेवर सांगायच्या. बाईंनी आईचं सगळं केलं होतं, आणि आपल्यालाही हेच होणार ही एकच भीती त्यांनी आयुष्यात बाळगली होती. बाकी त्या कशालाच घाबरत नसत, मुख्याध्यापकांना तर नाहीच.

त्या दिवसापासून स्टाफरूममधला खेळ बंद पडला. कुणी सवयीने विचारलंच, "बाई, मंगळवार, पाचवा, सातवी अ?" तर बाई मान वर करायच्या आणि म्हणायच्या, "बघून सांगते." मग उठून भिंतीवरच्या कागदापाशी जाऊन बोट ठेवून वाचायच्या. विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. हळूहळू कुणी विचारेना.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक करत होतो. थर चढवून काहीतरी करून बघत होतो, तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला की संगीताचे सर आता गुरुवारीही येणार नाहीत. मी ऐकता ऐकता अट घातली. फोन ठेवला. करून बघत होतो ते जमलं नाही म्हणून थर काढला. मग सगळ्या अटी दाखवायची आज्ञा दिली. संगीताच्या सरांचा गुरुवार त्यात नव्हता.

मी पुन्हा बघितलं. मग खुर्ची मागे सरकवली. आणि मला बाईंच्या हाताचा खडू आठवला. टेबलाच्या कडेला त्यांनी हात टेकला होता, तिथे पांढरा डाग उमटला होता आणि चहाचा कप ठेवताना मी तो रुमालाने पुसला होता, इतकं स्पष्ट आठवलं.

बाईंचं घर आमच्यापासून पायी जाण्याइतकं जवळ. मी चपला घातल्या. मग विचार केला की सणाचे दिवस आहेत, हे सांगायला ही वेळ बरी नव्हे. चपला काढल्या. मग विचार केला, शाळा उघडली की मुख्याध्यापकांसमोरच सांगू, म्हणजे सगळ्यांनाच कळेल. हा विचार पहिल्यापेक्षा बरा होता, कारण त्यात जास्त दिवस मिळत होते. खरं कारण असं होतं की मुख्याध्यापक माझा प्रोग्राम संस्थेच्या दुसऱ्या शाळांना दाखवणार होते. लोक मला कॉम्प्युटरचे सर म्हणायला लागले होते. या वयात असं काही मिळतं तेव्हा ते परत द्यावंसं वाटत नाही. बायकोलाही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती त्याच संध्याकाळी मला हाताला धरून घेऊन गेली असती.

मी जायच्या आधी बाईच आमच्याकडे आल्या, फराळाचा डबा घेऊन. बायको आत चिवडा काढायला गेली. बाई माझ्यासमोर बसल्या.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"तुम्हाला खरंच आठवत नाही? मी आले होते, हाताला खडू होता."

मी त्यांच्या डब्याकडे बघत म्हणालो, "एवढं नाही आठवत, बाई."

हे मात्र खोटं होतं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, कधी कधी एखादं चित्र मनात उगाच पक्कं बसतं. तपासण्या केल्या त्यांनी. काही नाही म्हणतात. ते काय, आईच्या वेळीही आधी काही नाहीच म्हणाले होते." मग त्या जरा पुढे सरकून बसल्या. "तुम्हाला मुख्याध्यापकांसमोर खोटं पाडायला निघाले होते मी. तुमचं एवढं चांगलं काम. राग धरू नका. माफ करा मला."

"असू द्या," मी म्हणालो. "होतं असं."

बायको चिवड्याची ताटली घेऊन आली. "काय होतं असं?"

"काही नाही," आम्ही दोघंही म्हणालो.

प्रोग्राम मी दुरुस्त केला. आता थर काढायच्या आधी तो त्या थरातल्या अटी दाखवतो आणि विचारतो, यातलं काही ठेवायचं आहे का? दुरुस्ती अगदी सोपी होती. ती करून झाल्यावर मला बरं वाटलं, जणू काही मी कर्तव्य केलं. तो प्रोग्राम नंतर संस्थेच्या दुसऱ्या शाळांतही गेला आणि त्याने कुणालाही कधी चुकीच्या मजल्यावर पाठवलं नाही.

बाईंनी वेळापत्रकाचं काम सोडलं. नंतरच्या वर्षी शाळाही सोडली, मुदतीच्या आधी. निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले की बाई म्हणजे आमचा चालता बोलता कॉम्प्युटर. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो, मीही वाजवल्या.

बाईंचा मुलगा आणि सून त्यांच्या घराच्या वरच्याच मजल्यावर. दोघंही नोकरीला. नात बालवाडीत जायला लागली तेव्हा तिला दुपारी आणायचं काम आजीने करावं असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. बाई नाही म्हणाल्या. सुनेला वाटलं, सासूबाईंना अडकून पडायचं नाही. थोडी कुरबूर झाली. बाईंनी तिला कारण सांगितलं नाही, माझ्या बायकोला सांगितलं. "एखाद्या दिवशी मी विसरले तर? पोर गेटपाशी उभी राहील."

"विसरली आहेस का तू कधी काही?" बायकोने विचारलं.

"एकदा," बाई म्हणाल्या.

बायकोने हे मला जेवताना सांगितलं. मी वरण मागितलं. नातीला आणायला मुलाने-सुनेने एक रिक्षावाला ठेवला.

बाई रोज बायकोला फोन करून विचारायच्या, काल मी तुला अमुक सांगितलं होतं ना? त्यांनी ते सांगितलेलं असायचं. दर वेळी असायचं. बायको म्हणायची, "बिचारी माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवते आणि तिला वाटतं ती विसरते." मग माझ्याकडे बघून म्हणायची, "तुमच्या त्या मशीनपायी झालं हे." तिला जेवढं माहीत होतं तेवढ्यात ती बरोबर बोलत होती.

एकदा मी खरंच गेलो. बायको बहिणीकडे गेली होती. बाईंचे यजमान फिरायला गेले होते. बाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या माहेरच्या मळ्यातून आली होती, मोठा ढीग होता. मला म्हणाल्या, "बसा. रिकाम्या हाताने बसू नका." मी एक जुडी घेतली.

मी म्हणालो, "त्या प्रोग्रामबद्दल बोलायचं होतं. त्यातले ते थर. तुम्ही बटर पेपर म्हणायचात."

"त्याचं काय?"

"करून बघताना वर थर चढवायचा आणि नंतर काढायचा. तर त्या मधल्या वेळात कुणी एखादी खरीच अट सांगितली, कायमची, आणि ती त्याच थरात घातली गेली, तर..."

"तर थर काढताना तीही जाणार," बाई म्हणाल्या. "त्यात काय कळायचंय? म्हणून तर मी बटर पेपर टाकायच्या आधी बघायचे, त्यावर खरं काही लिहिलंय का. एकदा मी गॅसचा नंबर लावायची तारीख लिहून ठेवली होती त्यावर." त्यांनी एक काडी खुडली. "तुमचं झालं का असं कधी?"

त्यांनी सरळ विचारलं. यापेक्षा सोपं करून कुणी विचारू शकत नाही.

"झालं होतं एकदा," मी म्हणालो. "संगीताच्या सरांचं. गुरुवारचं."

"मग त्यांना यावं लागलं की काय गुरुवारी?"

"नाही. वेळेत सापडलं."

"नशीबवान आहेत," बाई म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो. जुडी निवडून संपली तेव्हा त्यांनी मला दुसरी दिली, आणि तीही मी निवडून दिली.

नंतर बराच काळ मी अशी समजूत करून घेतली की त्यांना त्या दिवशी कळलं असणार, आणि त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. ही समजूत सोयीची होती. ती खरी नाही. कळलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे विचारलं असतं. आणि दुसऱ्या दिवसापासून नातीला आणायला त्या स्वतः गेल्या असत्या. रिक्षावाला तसाच येत राहिला.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. हृदयाचं निमित्त झालं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले, "डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं हो तिचं. उगाच घाबरायची. दवाखान्यात भरती करताना स्वतःच्या सगळ्या गोळ्या तोंडपाठ सांगितल्या तिने. आणि मग नर्सला म्हणाली, पण तुम्ही माझ्या सांगण्यावर जाऊ नका, कुणाला तरी विचारून घ्या."

मी म्हणालो, "हो."

यापेक्षा जास्त काही तेव्हाही बोललो नाही. हिंदीचे सर कोपऱ्यात बसले होते. त्यांच्याशीही नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी बायकोला वाचायला देणार आहे. ती काय म्हणेल हे मला माहीत आहे आणि ते बरोबरच असेल. मुख्याध्यापकांना आणि हिंदीच्या सरांनाही एकेक प्रत देईन. बाईंच्या सुनेलाही, कारण नातीला आणायला सासूबाईंनी नकार का दिला होता हे तिला अजून माहीत नाही.

बाईंना काय सांगायचं याची जुळवाजुळव मी इतक्या वेळा केली आहे की तिच्यातला फापटपसारा आपोआप गळून पडला. सुरुवातीला त्यात थर होते, आज्ञा होत्या, माझं वय होतं, दिवाळी होती. आता एवढंच राहिलं आहे.

बाई, तुम्ही सांगितलं होतं. मी ते तुमच्यासमोर लिहिलं आणि तुमच्यासमोरच पुसलं. तुम्ही काहीही विसरला नव्हतात. माफी तुम्ही मागायची नव्हती, मी मागायची होती. मला माफ करा.